टाकीतली गंगा

नीलकंठ गुरुजी गंगा ओलांडून मुगलसरायला जायला तयार झालेत, असं त्यांच्या बायकोनं, गीतानं, दुर्गाघाटावर कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. गुरुजींच्या वडिलांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही असा नेम. गुरुजींनी तसा नेम काही घेतला नव्हता, पण वागणं घेतल्यासारखंच. पलीकडच्या तीरावर मेलं की पुढचा जन्म गाढवाचा, असं बनारसात लोक चेष्टेनं म्हणतात. गुरुजी ते चेष्टेनं म्हणत नसत. यजमान केवढाही मोठा असो, पूजा पुलाच्या अलीकडे असेल तरच हे जायचे.

आणि त्या मुगलसरायला होतं तरी काय? स्टेशनचं नाव बदलून वर्षं झाली, पण घरात अजून मुगलसरायच म्हणतात. तिथं केयूर येणार होता, गीताचा एकुलता एक मुलगा, तोही गाडी थांबेल तेवढाच वेळ. कानपूरची नोकरी सोडून तो पार गुवाहाटीला निघाला होता, बायको आणि चार वर्षांची पोर घेऊन. फोनवर आईला म्हणाला, "गाडी दहा मिनिटं थांबते. येशील का? हिमानीला बघशील तरी." मग गीताला वाटलं आता ठेवतोय, तेवढ्यात म्हणाला, "बाबांना यायचं असेल तर येऊ देत."

येऊ देत. एवढ्यावर गीता आठवडाभर तरंगत होती. बापलेक सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी केयूर मालविकाला घेऊन दारात उभा राहिला. कोर्टात लग्न लावून आलेला, मुलगी जातीबाहेरची. गीतानं डोळे पुसत का होईना, भाकरतुकडा ओवाळून टाकला. निभावलं असतं हो सगळं. पण गुरुजी आतून पळी-पंचपात्री घेऊन आले आणि मंत्र म्हणत सुनेच्या अंगावर गंगा शिंपडली. मंत्र तोच, जो ते रोज पूजेला बसताना स्वतःच्या अंगावर पाणी शिंपडून म्हणतात. पण ते त्या पोरीला कुणी सांगायचं? तिला एवढंच दिसलं, की आपल्याला धुऊन घरात घेतायत. केयूरनं विचारलं, "ही विटाळलेली आहे का, बाबा?" गुरुजींनी उत्तर दिलं नाही. विचारलं की उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची जन्माची खोड. दोघं उंबरठ्याबाहेरूनच परत फिरले. गीता नंतर, हिमानी तान्ही असताना, एकटीच दोनदा कानपूरला जाऊन आली होती, तीही बहिणीकडे जाते असं सांगून. खरं काय ते गुरुजींना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

तर असा हा माणूस. आणि जायच्या आदल्या सकाळी पूजा आटोपून, भस्माचा हात पुसता पुसता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "किती वाजता आहे त्याची गाडी?"

"अकराच्या सुमाराला."

"मग मोटरसायकलनं जाऊ. ऑटोवाले पुलावर अडकतात."

गीता स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मग डोळ्यांना पाणी लावलं आणि खव्याच्या करंज्या करायला घेतल्या.

पण नवऱ्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती. हो म्हणणं म्हणजे निम्मंसुद्धा नव्हे. हा माणूस शकुनाचा. निघताना कुणी शिंकलं, मांजर आडवं गेलं, चपलेचा अंगठा तुटला, की पायरीवरून परत. मागे एकदा लखनौहून आलेल्या मोठ्या यजमानाची गाडी नाक्यावर उभी, आणि समोरून रिकामी बादली घेऊन कुणी आलं म्हणून हे घरात येऊन बसले होते. म्हणून या वेळी गीतानं बंदोबस्त केला. शेजारच्या उल्हासरावांच्या बायकोला सांगितलं, आम्ही निघू तेव्हा भरलेली कळशी घेऊन समोरून या. हातावर घालायला दही विरजून ठेवलं. मांजराला आदल्या रात्रीच वरच्या खोलीत कोंडलं. एवढं सगळं झालं, तरी मुख्य गोष्ट राहिलीच होती, ती म्हणजे पूल. राजघाटचा पूल ओलांडला की काशी संपली. पुलाच्या तोंडाशी ह्यांच्या मनात आलं आणि गाडी वळवली, तर काय करायचं?

म्हणून संध्याकाळी तिनं एक गोष्ट केली, आणि ती करताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. गंगा बरोबर असली की पलीकडे गेलं तरी माणूस काशीतच असतो, हे तिच्या सासऱ्यांचंच वाक्य. पण गडव्यात घेतलेली गंगा सांडते, विसरते, पुलावरच्या खड्ड्यात डचमळते. गाडीच्या पोटात असली तर कुठं जाईल? तिनं किल्ली घेतली, मोटरसायकलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि देवघरातली पंचपात्री भरून गंगा आत ओतली. हात जोडले, झाकण लावलं. पुलावर ह्यांचं मन डळमळलं, तर मागून कानात सांगायचं, अहो, गंगा आपल्या खालीच आहे. एवढा विचार तिनं केला होता बिचारीनं.

गाडी मुळात केयूरचीच, कॉलेजातली. काळी, किकवाली, केयूरनं दर रविवारी उघडून पुन्हा जोडलेली. तो गेल्यावर ती वर्षभर कमानीखाली उभी होती. मग एके दिवशी गुरुजी धोतर मांड्यांत खोचून तिच्यावर बसायला शिकले. पन्नाशी उलटलेली. गल्लीतल्या गाई आणि माणसं दोन्ही भिंतीला चिकटून उभी राहायची. का शिकलात असं गीतानं विचारलं, तर म्हणाले, लोखंड पडून राहिलं की गंजतं. विकून टाका असं कुणी सुचवलं की मात्र ऐकू न आल्यासारखं करायचे. टाकी कधी भरायचे नाहीत. टाकीचा नॉब कायमचा रिझर्व्हवर आणि पेट्रोल तळाशी, हा त्यांचा हिशेब.

निघायच्या दिवशी सगळं अगदी ठरल्यासारखं झालं. हातावर दही घातलं, ते त्यांनी चाटलं. कुणी शिंकलं नाही. उल्हासरावांची बायको कळशी घेऊन समोरून आली, आणि थोडी जास्तच हसली, पण गुरुजींच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी पांढरं धोतर, वर सदरा आणि सदऱ्यावर गीतानं कधी नव्हे ती इस्त्री केलेली बंडी घातली होती. दाढी घोटून केली होती. गीताला वाटलं, लग्नाच्या वेळीही हे इतके नीट दिसले नव्हते.

किक मारली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. गीता डबा सांभाळत मागे बसली, पदर खोचला, मनात घाटावरच्या देवीला म्हणाली, आई संकठे, पाव गं बाई. गाडी कमानीतून बाहेर आली, गल्लीतल्या दगडी चौतऱ्यापाशी पोचली, खोकली आणि बंद पडली.

"थंड आहे," गुरुजी म्हणाले.

दुसरी किक मारली. घर्र, घर्र, फट्. तिसऱ्या किकेला काहीच नाही, आणि चौथीला अशी घरघरली की आता धरतेच, आणि मेली. इथंच तर घोळ आहे. ही गाडी पार मेलेली असती ना, तर दोघं पाच मिनिटांत उतरून, नाक्यावरून ऑटो पकडून चालते झाले असते. पण ती मरत नव्हती. दर दोन किकांनी एकदा आशा दाखवायची. आता होईल, ही बघ, ही धरली. माणूस अशा आशेला लाथ मारून जाऊ शकत नाही.

गीतानं तरी सुचवून पाहिलं. "अहो, ऑटोनं जाऊ या का?"

"यायचं असेल तर होईल सुरू," गुरुजी म्हणाले आणि घाम पुसला.

ते इंजिनाबद्दल बोलत नव्हते. निघताना अडखळलं म्हणजे वरून नकार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता, आणि प्रत्येक फुकट गेलेली किक त्या हिशेबात जमा होत होती. आता ऑटो बोलावला, तर हा माणूस ऑटोत बसणार नव्हता, घरात जाणार होता. गाडी सुरू व्हायलाच हवी होती, आणि तीही लवकर. गीता डबा छातीशी धरून उभी राहिली. तिला यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. बिघडलेलं वरण ती वासावरून ओळखायची, तापलेलं पोर हातावरून. पण या काळ्या धुडाचं काय दुखतंय हे तिला कोण सांगणार?

तसे सांगणारे भरपूर जमले. बनारसात गाडी बंद पडली की वैद्य उगवतात. दूधवाला कॅन खाली ठेवून म्हणाला, "पंडितजी, पलग गया है." पानवाला म्हणाला, प्लग नाही, कचरा अडकलाय, टाकीला कान लावून हलवा. एकजण म्हणाला, चोक ओढा. दुसरा म्हणाला, चोक ओढूनच तर बिघडली. मग शेजारचे उल्हासराव आले, बँकेतून निवृत्त झालेले, हातात पेचकस आणि पान्हा, चेहऱ्यावर शल्यविशारदाचा भाव. त्यांनी प्लग काढला, फुंकला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला, आणि एवढं करून गाडी होती तशीच राहिली.

"वहिनी, ठिणगी तर आहे," ते म्हणाले. "म्हणजे रोग दुसरीकडे आहे."

इतक्यात गीताचा फोन वाजला. केयूरचा होता.

"आई, मिर्झापूर सोडलं. निघालात ना?"

निघालात. अनेकवचन ऐकून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अरे, गाडी सुरू होत नाहीये."

"कुठली गाडी?"

"तुझी. मोटरसायकल."

त्याला वाटलं असेल, ती कधीच भंगारात गेली. मग म्हणाला, "ती चालू आहे अजून? कोण चालवतं?"

"तुझे बाबाच चालवतात." तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो टाकीवर ठेवला. का ठेवला हे तिलाही सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला.

"होते तरी काय?" केयूरनं विचारलं. "अजिबात होत नाही, की होऊन बंद पडते?"

उल्हासराव तोंड उघडणार, तोच गुरुजी म्हणाले, "होऊन बंद पडते. पहिल्या किकेला झाली. चौतऱ्यापर्यंत आली. मग नाही."

गल्लीतला गलका थांबला, की गीतालाच तो ऐकू येईनासा झाला, कोण जाणे. सहा वर्षांनी बाप मुलाशी बोलला होता.

"चोक ओढलाय?" फोन म्हणाला.

"ओढलाय."

"बंद करा. पेट्रोल जास्त जाऊन ओव्हर झाली असेल. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा आणि तसंच धरून सात-आठ किका मारा."

गुरुजींनी चोक बंद केला. मुलाचा शब्द खाली पडू न देता, एखादा विद्यार्थी गुरूचं ऐकतो तसं त्यांनी अ‍ॅक्सिलेटर उघडा धरला आणि किका मारायला लागले. बंडी पाठीला चिकटली. शेंडी सुटली. गीताला वाटलं, थांबा म्हणावं, आणि वाटलं, थांबूच नका.

"आवाज ऐकवा," केयूर म्हणाला. उल्हासरावांनी फोन सायलेन्सरपाशी नेला. फट् फट् घर्र. "पुन्हा." घर्र. "हं. बाबा, पाय जपून. ती किक उलटी बसते."

बाबा, पाय जपून. गुरुजी किकेवर पाय ठेवून तसेच थांबले. खाली बघत म्हणाले, "हो. माहीत आहे. एकदा बसली होती."

"कधी?"

"झाली दोन वर्षं. सुजला होता पाय."

"कुणी बोललं नाही मला."

गीतानंच सांगितलं नव्हतं. ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगायचं नाही, सांगायचंच झालं तर गोड करून सांगायचं, हे काम ती सहा वर्षं करत होती. ते म्हणत बरं आहे ना सगळं, की ही तिकडे सांगायची, बाबा तुझी रोज आठवण काढतात. तो म्हणे मला काय करायचंय, की ही इकडे सांगायची, तब्येतीचं विचारत होता. पण आता मध्ये ती नव्हतीच. ते दोघं थेट बोलत होते, चोकबद्दल का होईना. ही गाडी अशीच तासभर बिघडलेली राहिली तरी चालेल, असं तिला एक क्षण वाटून गेलं.

"कार्ब्युरेटरच्या तळाला एक स्क्रू आहे," केयूर सांगत होता. "तो सैल करा आणि खाली वाटी धरा. काय येतं ते बघू."

गीता धावत जाऊन वाटी घेऊन आली. उल्हासराव जमिनीवर आडवे झाले आणि पेचकस लावला. पिवळसर पेट्रोल वाटीत पडलं. गुरुजींनी वाटी उन्हात धरली आणि चष्मा वर करून बघितलं.

"तळाला काहीतरी वेगळं दिसतंय," ते म्हणाले. "गोळे आहेत. पारदर्शक. वाटी हलवली की नाचतात."

"पाणी आहे," केयूर म्हणाला. "पेट्रोल वर राहतं, पाणी खाली. तेच जेटमध्ये जातंय. गाडी पावसात उभी होती का?"

"फाल्गुनात पाऊस कुठला?" उल्हासराव खालूनच बोलले.

"मग पाणी टाकीत गेलं कसं? झाकणाला तर कुलूप—" आणि केयूर मध्येच थांबला.

वाटीतले ते गोळे गीताला दिसत होते. पंचपात्रीभर. काठोकाठ भरलेली. तिनं तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. जन्मात कधी तिला शब्द कमी पडले नव्हते. नेमके आज पडले.

"बाबा," केयूरचा आवाज एकदम थंड झाला होता. "गंगा घातलीत का टाकीत?"

गुरुजींनी मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं. त्यांना कळायला पापणी लवायचा वेळ पुरला.

"माझ्या गाडीलासुद्धा शुद्ध करून घेतलंत," केयूर म्हणाला. "तिच्यावर बसून आम्हाला भेटायला येणार होतात म्हणून? की आम्हाला भेटून विटाळ होईल म्हणून आधीच?"

दूधवाल्यानं कॅन उचलला आणि हळूच चालता झाला.

"आता टाकी रिकामी करावी लागेल ना?" गुरुजींनी विचारलं.

"करा तुमचं तुम्ही. येऊ नका," असं म्हणून केयूरनं फोन ठेवला.

गीतानं लगेच उलटा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलेना. "अहो, मी घातली," ती म्हणाली. "काल संध्याकाळी. पुलावर तुमचं मन फिरू नये म्हणून. मला काय माहीत—"

"कळलं मला."

"मग सांगितलं का नाहीत त्याला? एका शब्दाचं काम होतं."

गुरुजी वाटीतलं पेट्रोल गटारात ओतत होते. "काय सांगायचं होतं? मी असं करणारच नाही म्हणून? त्यानं विचारलं त्यात चूक काय? मागे मीच शिंपडली होती ना." मग उल्हासरावांना म्हणाले, "हिला तुझ्या स्कूटरवरून सोड बाबा. वेळ आहे अजून."

"आणि तुम्ही?"

"त्यानं येऊ नका म्हटलंय."

गीतानं हात धरला. हात जोडले. चारचौघांत नवऱ्याचा हात तिनं कधी धरला नव्हता. म्हणाली, तो रागात बोलला, तुम्ही समोर दिसलात की विरघळेल, मी सांगते ना त्याला, मी पायावर डोकं ठेवीन त्याच्या. ते नुसते उभे राहिले. सहा वर्षं कुणी बोलवत नव्हतं म्हणून गेले नाहीत, आज येऊ नका म्हटलं म्हणून जायचे नव्हते. अशा माणसाचं कुणी काय करावं? "डबा घे," ते म्हणाले. "आणि वेणीफणी नीट कर, पोर बघणार आहे तुला."

पुलावर व्हायचं तेच झालं होतं, ट्रकांना ट्रक चिकटलेले. उल्हासरावांनी फटीफटीतून स्कूटर घातली. गीतानं गंगेला हातसुद्धा जोडला नाही. केयूरची गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला अडकून उशिरा आली होती म्हणूनच सापडली. गीता डब्यापाशी पोचली तेव्हा केयूर खाली उतरून उभा होता, आणि तिच्या मागे बघत होता. येऊ नका म्हणणारा माणूस मागे बघत होता. मग त्यानं बघणं थांबवलं.

मालविका पाया पडली. हिमानीला तिनं पुढे केलं, पोर आईच्या ओढणीत लपली, मग एका डोळ्यानं आजीकडे बघायला लागली. नाक थेट गुरुजींचं. गीतानं करंजी हातात दिली, तिनं ती घेतली, खाल्ली नाही. एवढं झालं आणि गीतानं मुलाचं मनगट धरलं.

"ते पाणी मी घातलं रे. बाबांना माहीतसुद्धा नव्हतं."

"आई, राहू दे."

"राहू दे नाही. खरंच मी घातलं. ते येताना पुलावर फिरतील अशी भीती वाटली मला, म्हणून."

केयूर हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. "तू आजपर्यंत त्यांचं काय काय स्वतःवर घेतलं नाहीस? परवाच म्हणालीस, बाबा रोज आठवण काढतात. काढतात का? मागच्या दिवाळीचा सदरा त्यांनी निवडला म्हणालीस. निवडला होता? त्याच्या पिशवीत मावशीच्या दुकानाची पावती होती, तुझ्या नावाची, आई."

"ते वेगळं. हे खरं आहे. गंगेची शपथ."

तो शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं की जायला नको होता. पण तिच्याजवळ दुसरी शपथच नव्हती. केयूरचं मनगट तिच्या हातात होतं, ते ताठरलं. मालविका हळूच म्हणाली, "जाने दीजिए ना, माँजी." म्हणजे सुनेचाही विश्वास बसला नव्हता. आयुष्यभर गोड करून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्या फलाटावर येऊन तिच्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. गीता बोलत राहिली, पंचपात्री कशी भरली, किल्ली कुठून घेतली, झाकण कसं उघडलं, सगळं. जितकं जास्त सांगत होती तितका तो जास्त मायेनं बघत होता, आणि तितकाच कमी विश्वास ठेवत होता. मग गाडी हलली. हिमानीनं दारातून करंजीचा हात हलवला.

परतताना उल्हासराव बोलायचा प्रयत्न करत होते, गीता हं हं करत होती.

दुर्गाघाटाच्या गल्लीत शिरली तेव्हा तिला इंजिनाचा आवाज आला. एकसारखा, न खोकता. चौतऱ्यापाशी मोटरसायकल सुरू होऊन उभी होती आणि गुरुजी शेजारच्या पायरीवर बसले होते. बंडी काढून ठेवलेली, हात कोपरापर्यंत काळे, धोतरावर तेलाचे डाग. त्यांनी टाकी काढून उलटी केली होती, पुसली होती, वाळवली होती, नवं पेट्रोल आणून पूर्ण भरलं होतं. काठोकाठ, आयुष्यात पहिल्यांदा.

"एका किकेत होते," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं विचारलं, "पोर कशी आहे?"

"गोड आहे. नाक तुमचं आहे."

"हं." त्यांनी चिंधीनं हात पुसले, पुसून झालेले पुन्हा पुसले. "फोन लाव त्याला. गाडी सुरू झाली म्हणावं. त्यानं सांगितलं तसंच केलं सगळं. पाणीच होतं."

गीतानं लावला. तिच्याकडे लावण्यावाचून दुसरं काय होतं? यावेळी त्यानं उचलला. मागे रुळांचा आवाज आणि हिमानीचं काहीतरी बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"केयूर, गाडी सुरू झाली रे. बाबांनी टाकी साफ केली. तू सांगितलंस तसंच."

पलीकडे हिमानी अजून काहीतरी बोलत होती.

"ऐकतोयस ना?"

"बरं," केयूर म्हणाला. मग, "आई, रेंज जातेय," आणि ठेवला.

गुरुजी वर तिच्याकडे बघत होते. असे ते कुणाकडे बघायचे नाहीत, देवाकडेसुद्धा. "काय म्हणाला?"

गीता फोनकडे बघत राहिली. खरं तेवढंच सांगायचं, असं ती स्टेशनपासून स्वतःला बजावत आली होती. एकच शब्द होता, तो सांगायचा आणि गप्प बसायचं.

"बरं म्हणाला," ती म्हणाली. आणि त्यांचा चेहरा बघून पुढे म्हणाली, "आणि बाबांना सांग, सावकाश चालवा म्हणाला."

गुरुजींनी गाडीकडे बघितलं. "ते त्यानं सांगायला नको," ते म्हणाले. "मी सावकाशच चालवतो."